२६/११ नंतर सुरक्षेवर ओतलेला पैसा नक्की जातो कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीकर. नोकरीची बरीच वर्षं सरकारी लेखा शाखेत बिलं तपासण्यात गेली आणि आता रिटायर झाल्यावर सोसायटीचा खजिनदार आहे, म्हणजे सुटका काही झालीच नाही. बजेट आलं, २६ नोव्हेंबर आला किंवा कुठे काही वाईट घडलं की लोक मलाच गाठतात, जिन्यात, भाजीवाल्याकडे, लोकलमध्ये. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी काही संरक्षणतज्ज्ञ वगैरे नाही, बिलाची मागची बाजू बघायची सवय आहे इतकंच.

प्र. देशाच्या सुरक्षेवर सरकार एकूण किती खर्च करतं? एक आकडा सांगा.

एक आकडा मिळणार नाही, कारण हा पैसा एका खिशातून जातच नाही. सीमेवरचं सैन्य संरक्षण मंत्रालयाचं, सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयबी हे सगळं केंद्रीय गृह मंत्रालयाचं, आणि तुमच्या नाक्यावरचा हवालदार राज्याच्या गृह विभागाचा, कारण घटनेप्रमाणे पोलिस हा राज्याचा विषय आहे. दहशतवादी हल्ला झाला की पहिला पोचतो तो हा तिसरा माणूस. टीव्हीवर मात्र चर्चा पहिल्या खिशाची चालते.

तरी आकडे हवेच असतील तर २०२५-२६ चं बजेट घ्या. संरक्षणाला ६.८१ लाख कोटी, केंद्रीय गृह मंत्रालयाला सुमारे २.३३ लाख कोटी, आणि केंद्राचं अख्खं बजेट ५०.६५ लाख कोटी. गृह मंत्रालयाच्या रकमेत जम्मू-काश्मीरसारख्या केंद्रशासित प्रदेशांना दिलेला पैसाही येतो, त्यामुळे सगळी रक्कम बंदुकीवर गेली असं समजू नका.

प्र. म्हणजे माझ्या टॅक्सच्या रुपयातले किती?

ढोबळ हिशोब केला तर केंद्राच्या खर्चाच्या प्रत्येक रुपयातले साडेतेरा पैसे संरक्षण आणि साडेचार पैसे गृह, मिळून अठरा पैसे. यात राज्याचे पोलिस धरलेले नाहीत. वेगळा असा सुरक्षा सेस वगैरे काही नाही, कुणीतरी तसा मेसेज फिरवतं दरवर्षी, तो डिलीट करा.

आता त्यातली मेख. संरक्षणाच्या त्या ६.८१ लाख कोटींपैकी सुमारे १.६१ लाख कोटी पेन्शन आहे, नवीन शस्त्रं, विमानं, जहाजं असल्या भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी, आणि उरलेलं पगार, रेशन, इंधन, दुरुस्ती यात जातं. पेन्शन म्हणजे उधळपट्टी असं मी अजिबात म्हणत नाहीये (माझंही घर पेन्शनवरच चालतं), पण बजेट वाढलं म्हणजे तेवढ्या तोफा वाढल्या असं जे लोक समजतात ते चूक आहे.

प्र. पण २६/११ नंतर संरक्षण बजेट एकदम ३४ टक्के वाढवलं होतं ना?

वाढलं होतं, खरंय. २००८-०९ ला १,०५,६०० कोटी होते, २००९-१० ला १,४१,७०३ कोटी झाले. पेपरात तेव्हा हल्ल्यानंतर सरकारने कंबर कसली छापाच्या बातम्या होत्या. पण आमच्यासारख्या लेखावाल्यांना लगेच कळलं होतं की यात सहावा वेतन आयोग बसलाय. पगार वाढले, थकबाकी द्यायची होती, त्यामुळे महसुली खर्च फुगला, त्या वाढीतला मोठा वाटा तोच. आणि दुसरं म्हणजे ताज हॉटेलमध्ये घुसलेल्या माणसाला रोखायला रणगाडा कामाचा नसतो, त्याला लागतात ती माणसं गृह खात्याच्या हेडखाली, म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या सदराखाली असतात.

प्र. मग हल्ल्यानंतर मुंबईत खरोखर काय उभं राहिलं?

बरंच काही, उगाच काहीच झालं नाही म्हणू नये. एनएसजीचंच बघा. २६ तारखेला रात्री साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला आणि एनएसजीचे कमांडो मुंबईत उतरेपर्यंत पहाट झाली होती. ते मानेसरला, त्यांना आणायचं मोठं विमान चंदीगडला, ते आधी दिल्लीला यायचं, मग मुंबई, मग बसने कुलाबा. त्यानंतर २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद इथे एनएसजीची केंद्रं झाली. राज्याने फोर्स वन नावाचं स्वतःचं कमांडो दल काढलं, मुंबई पोलिसांची क्यूआरटी म्हणजे चटकन पोचणारी पथकं आधीही होती, ती बळकट केली. दिल्लीत महिन्याभरात एनआयएचा, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. राम प्रधान समिती बसली, तिने काय चुकलं ते लिहून दिलं. राजीनामे पण झाले, मुख्यमंत्री विलासराव देशमुख, गृहमंत्री आर. आर. आबा पाटील, दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील.

हे सगळं एका बाजूला आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे दुसऱ्या बाजूला. हातात फक्त लाठी, समोर एके-४७, आणि त्यांनी ती नळी धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत सापडला. अशोकचक्र मिळालं, मरणोत्तर. मी जेव्हा जेव्हा नवीन यंत्राच्या खरेदीची बातमी वाचतो तेव्हा मला पहिलं हे आठवतं, आणि मग प्रश्न पडतो की आजच्या रात्रपाळीच्या एएसआयच्या अंगात जॅकेट आहे का आणि असलं तर त्याची मुदत संपलेली आहे का, कारण बुलेटप्रूफ जॅकेटलाही मुदत असते, औषधासारखी.

प्र. समुद्राकडे सरकारचं लक्षच नव्हतं का?

हा प्रश्न जरा सविस्तर घेऊ कारण यातच सगळी गोम आहे.

समुद्रमार्गे धोका आहे हे १९९३ लाच कळलं होतं. १२ मार्चच्या स्फोटांचं आरडीएक्स रायगडात श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं, २५७ माणसं गेली. पुढे जानेवारी २००५ मध्ये केंद्राने किनारा सुरक्षा योजना मंजूर केली. परत वाचा, २००५, म्हणजे २६/११ च्या जवळजवळ चार वर्षं आधी. पहिल्या टप्प्यात देशभर ७३ कोस्टल पोलिस ठाणी आणि २०४ बोटी, त्यातली १२ ठाणी आणि २८ बोटी महाराष्ट्राच्या वाट्याला. म्हणजे पैसा मंजूर होता, योजना होती, फाइल होती. आणि तरी दहा जण पोरबंदरची कुबेर नावाची मासेमारी बोट पळवून, तिच्या तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) मारून, रबरी बोटीतून कफ परेडला बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं सुद्धा होतं.

हल्ल्यानंतर दुसरा टप्पा आला, एप्रिल २०११ पासून, सुमारे १,५८० कोटींचा, त्यात अजून १३१ ठाणी, ६० जेट्टी, शिवाय बोटी. नौदलाने सागर प्रहरी बल काढलं, तटरक्षक दलाने किनाऱ्यावर रडारची साखळी लावली, पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी, बरीचशी दीपगृहांवरच. गुरुग्रामला एक केंद्र आहे जिथे बसून समुद्रातली जहाजं स्क्रीनवर बघतात. समुद्राच्या खुल्या भागात आता नजर बरीच आहे, हे मान्य करायला हवं. अडचण किनाऱ्याजवळ आहे, जिथे उथळ पाणी, खाड्या आणि हजारो छोट्या होड्या.

प्र. मग त्या पोलिसांच्या बोटी धक्क्याला बांधलेल्या का दिसतात?

कारण बोट खरेदीची रक्कम एका हेडला येते आणि डिझेल दुसऱ्या हेडला. हसू नका, खरंच आहे. पहिल्या टप्प्यात पहिली पाच वर्षं इंधन, दुरुस्ती आणि ट्रेनिंगचे पैसे केंद्राने दिले, माणसं मात्र राज्याने द्यायची, आणि नंतर सगळंच राज्याच्या गळ्यात. आता राज्यातली बोट म्हणजे काय, खाऱ्या पाण्यात उभी असलेली महागडी यंत्रणा, तिला इंजिनवाला लागतो, सारंग म्हणजे बोट हाकणारा लागतो, सुटे पार्ट लागतात. पोलिस भरतीत निवडलेला मुलगा लातूरचा किंवा बुलढाण्याचा असू शकतो, त्याने समुद्र पहिल्यांदा बघितला तो पोस्टिंग झाल्यावर, त्याला उलट्या होतात, दोन वर्षांत तो हुशार होतो तोवर त्याची बदली. कॅगच्या (सरकारी हिशोब तपासणाऱ्या यंत्रणेच्या) अहवालांत वेगवेगळ्या किनारी राज्यांबद्दल हेच येत राहतं, बोट आहे माणूस नाही, माणूस आहे इंधन नाही, दोन्ही आहे पण जेट्टी नाही म्हणून ओहोटीला बोट बाहेर काढता येत नाही.

आम्ही बिलं तपासायचो तेव्हा एक गोष्ट पाठ झाली होती. नवीन वस्तूची फाइल पळते, दुरुस्तीची फाइल रांगते. नवीन वस्तूला उद्घाटन असतं, फीत असते, फोटो असतो. इंजिनची गॅस्केट बदलली म्हणून कुठला मंत्री नारळ फोडायला येणार? त्यात मार्च एन्ड. फेब्रुवारीपर्यंत पैसा पडून, मग शेवटच्या तीन आठवड्यांत जे पटकन विकत घेता येईल ते घ्यायचं, नाहीतर निधी परत जातो आणि पुढच्या वर्षी कमी मिळतो. पटकन काय विकत घेता येतं? वस्तू. ट्रेनिंग पटकन विकत घेता येत नाही.

संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठी परत न जाणारा, म्हणजे ३१ मार्चला न बुडणारा वेगळा निधी करा असं पंधराव्या वित्त आयोगाने सुचवलं होतं, २०२१ ते २०२६ साठी सुमारे २.३८ लाख कोटींचा. सूचना फार चांगली होती आणि मला वाटतं तिच्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती त्याच्या दहा टक्केही झाली नाही.

प्र. मच्छीमारांच्या बोटीवर ते यंत्र बसवतात ते कशासाठी?

ट्रान्सपॉन्डर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या भूमिपूजनाच्या कार्यक्रमातच याची देशभरची सुरुवात झाली, १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, एक लाख बोटी, साधारण ३६० कोटी. इस्रोचं तंत्रज्ञान आहे, मोबाइलची रेंज नसली तरी सॅटेलाइटवरून मेसेज जातो, वादळाची सूचना मिळते, हद्द ओलांडायला लागला तर कळतं. म्हणजे एकाच यंत्रात जीव वाचवणं पण आणि पाळत पण.

वर्सोव्याचे एक ओळखीचे नाखवा आहेत, त्यांचं म्हणणं असं की आम्हाला ओळखपत्र दिलं, बोटीला रंग ठरवून दिला, यंत्र दिलं, येता-जाता तपासणी आमचीच, पण आम्ही काही सांगायला गेलो तर ऐकणारा माणूस दर सहा महिन्यांनी बदललेला असतो. हे मला पटतं. किनाऱ्यावर कुठली होडी नेहमीची आणि कुठली परकी हे कोळणीला जेवढं लांबून कळतं तेवढं कुठल्याही कॅमेऱ्याला कळणार नाही. सागर सुरक्षा दल त्यासाठीच आहेत, गावोगावच्या मच्छीमारांचे, आणि या सगळ्या पसाऱ्यात सगळ्यात स्वस्त काम तेच आहे.

प्र. मुंबईच्या सीसीटीव्हीला ९४९ कोटी लागले म्हणे, कॅमेरे ४,७०० च्या आसपास. म्हणजे एका कॅमेऱ्याला वीस लाख??

भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष चूक. त्या रकमेत नुसते कॅमेरे नव्हते, शहरभर केबलचं जाळं, कंट्रोल रूम, साठवणूक, सॉफ्टवेअर, पुढची देखभाल हे सगळं धरलं होतं. उलट माझी तक्रार दुसरीच आहे, ती वेळेची. हल्ला २००८ चा, टेंडर निघायचं, फसायचं, परत निघायचं, शेवटी काम दिलं गेलं २०१५ ला आणि पूर्ण झालं ऑक्टोबर २०१६ मध्ये. दरम्यान १३ जुलै २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरला स्फोट होऊन गेले. आठ वर्षं!

देखभालीचा खर्च ज्यांना फालतू वाटतो त्यांच्यासाठी आमच्या सोसायटीचा किस्सा. २०१९ ला आम्ही वर्गणी काढून १६ कॅमेरे लावले, मोठा टीव्ही वॉचमनच्या केबिनमध्ये, सेक्रेटरींनी पेढे वाटले. सहा महिन्यांपूर्वी बाइक चोरीला गेली, पोलिस फुटेज मागायला आले, तर रेकॉर्डरची हार्ड डिस्क कधीची मेलेली, टीव्हीवर लाइव्ह दिसत होतं म्हणून कुणाला कळलंच नाही. वार्षिक देखभालीचे साडेआठ हजार वाचवायचा ठराव आमच्याच कमिटीने पास केला होता आणि त्यावर माझीच सही होती. तेव्हापासून सरकारवर बोलताना मी आवाज थोडा खाली ठेवतो.

प्र. कसाबवर किती कोटी उडवले? बिर्याणी पण द्यायचे ना?

बिर्याणीचं खोटं होतं. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतःच २०१५ मध्ये सांगितलं की ते आपण मुद्दाम पसरवलं, लोकांमध्ये त्याच्याबद्दल जी सहानुभूतीची हवा तयार होत होती ती मोडायला. तरी अजून दर वर्षी बिर्याणी शिजते.

खर्च मात्र खरा होता आणि कोट्यवधींचा होता, पण तो जेवणाचा नव्हता, पहाऱ्याचा होता. आर्थर रोडला त्याच्यासाठी वेगळी मजबूत कोठडी बांधली, बाहेर आयटीबीपीचे जवान, आणि त्या जवानांचं बिल कोणी द्यायचं यावर केंद्र आणि राज्यात पत्रापत्री चालली होती. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी होईपर्यंत हे चाललं. माझ्या मते हा पैसा वाया गेला असं म्हणणं बरोबर नाही. तो जिवंत कोर्टात उभा राहिला, पुरावा तपासला गेला, म्हणून कट कुठे शिजला हे जगासमोर कागदावर मांडता आलं.

प्र. व्हीआयपी सुरक्षेत किती पोलिस अडकतात? ते पैसे वाचवले तर?

चीड बरोबर आहे. पण थोडे तपशील. एसपीजी २०१९ च्या दुरुस्तीनंतर फक्त विद्यमान पंतप्रधान आणि त्यांच्यासोबत राहणारे कुटुंबीय यांच्यासाठी राहिली (माजी पंतप्रधानांना पद सोडल्यावर पाच वर्षं). उद्योगपती मुकेश अंबानींना झेड प्लस आहे पण खर्च ते स्वतः भरतात, सुप्रीम कोर्टाने २०२३ ला तसं स्पष्टच म्हटलंय. खरा भार पडतो तो राज्यात, कुणाकुणाच्या मागे फिरणाऱ्या एक-दोन-चार बॉडीगार्डचा, कारण ते ठाण्याच्या मंजूर संख्येतूनच जातात आणि मग तिथे गस्तीला माणूस कमी. याचा रुपयांत हिशोब कुठेच दिसत नाही कारण पगार तर तसाही होणारच असतो.

प्र. विमानाच्या तिकिटावर सुरक्षा फी कसली असते?

एव्हिएशन सिक्युरिटी फी. १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवासाला २०० रुपये, परदेशी जाताना १२ डॉलर. तिकिटाचं ब्रेकअप उघडून बघा, २३६ दिसेल, वरचे छत्तीस जीएसटीचे. २०१९ च्या जुलैत ही १५० होती. यातून विमानतळावरच्या सीआयएसएफचा खर्च निघतो. म्हणजे विमानाने जाणारा आपल्या सुरक्षेचे पैसे वेगळे मोजतो, आणि लोकलने जाणारा मोजत नाही, आणि त्याला मिळते ती पण तशीच. माझ्या नेहमीच्या स्टेशनवर मेटल डिटेक्टरची चौकट आहे, गर्दीच्या वेळी ती सतत कोकलत असते आणि माणसं तिच्यातून कमी, तिच्या बाजूने जास्त जातात. एकदा एक आजोबा प्रामाणिकपणे मधून गेले, वाजलं, थांबून हात वर केले, मागचा म्हणाला काका चला ना, डबल फास्ट जाईल.

तसंच २००९ ला कायदा बदलून सीआयएसएफ खासगी कंपन्यांनाही पैसे घेऊन देता यायला लागली, सुरुवात इन्फोसिसच्या म्हैसूर कॅम्पसने झाली, हिंजवडीतही त्यांच्या गेटवर जवान दिसतात. राज्यानेही २०१० मध्ये सुरक्षा महामंडळाचा कायदा केला, मेट्रो स्टेशनवर जे एमएसएफचे गार्ड दिसतात ते तिथले, त्यांचे पैसे ती ती संस्था भरते.

प्र. आयबी आणि रॉला किती पैसे मिळतात?

आयबीचा आकडा बजेटमध्ये छापलेला असतो, २०२५-२६ ला सुमारे ३,८९३ कोटी. रॉचा स्वतंत्र छापत नाहीत. तुलनेसाठी, एकट्या सीआरपीएफला त्याच वर्षी सुमारे ३५,१४७ कोटी. म्हणजे खबर काढणाऱ्याला एक रुपया तर नंतर धावून जाणाऱ्या एकाच दलाच्या वाट्याला नऊ. आता सीआरपीएफमध्ये लाखो जवान, त्यांचे पगार, त्यामुळे आकडा मोठा असणारच, तुलना पूर्णपणे सरळ नाही हे मान्य. पण स्फोट होण्याआधी थांबवायचा असेल तर खबऱ्या, भाषा जाणणारे लोक, फोनचा डेटा वाचणारी मुलं हेच लागतात, आणि तिथे जागा रिकाम्या ठेवून चालत नाही.

प्र. हे सगळं आरटीआय टाकून विचारता येईल का?

थोडं. आरटीआयच्या कलम २४ खाली आयबी, रॉ, एनएसजी, सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे वगळलेले आहेत, अपवाद भ्रष्टाचार आणि मानवी हक्क. पोलिस ठाण्यात किती बोटी चालू, किती बंद हे विचारलंत तर बहुतेक वेळा सुरक्षेचं कारण देऊन नाकारतील. गुप्त निधीचं ऑडिट तर जवळजवळ अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरच चालतं. त्यापेक्षा कॅगचे अहवाल वाचा, फुकट आहेत, मराठीतही असतात, भाषा मात्र अशी की दोन चहा लागतील. लोकसभेत गृह खात्याच्या मागण्या कधीकधी चर्चेविना गिलोटिनला जातात, म्हणजे हजारो कोटी एका आवाजी मतात पास, हे बघून पूर्वी राग यायचा, आता सवय झाली.

प्र. गडचिरोलीचा खर्च यातच धरायचा का?

धरायचा. माओवादी संघटना यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली दहशतवादी यादीत आहे आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांचा सुरक्षेचा बराच खर्च केंद्र राज्याला परत देतं. तिथलं सी-६० पथक १९९० पासूनचं, स्थानिक मुलांचं, गोंडी-माडिया बोलणारं, जंगल पायाखालचं. मुंबईच्या कोस्टल पोलिसांनी शिकावं असं ते मॉडेल आहे, कोळ्यांची मुलं का घेत नाहीत बोटीवर हा माझा जुना प्रश्न. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ १५ जवान आणि गाडीचा ड्रायव्हर गेले, तेव्हा खासगी गाडीतून का जात होते यावर चार दिवस चर्चा झाली. परत तोच विषय, गाडी.

प्र. हल्ल्यात गेलेल्यांच्या घरच्यांना काय मिळतं?

केंद्राची दहशतवादग्रस्त नागरिकांसाठीची योजना आहे, आधी ३ लाख होते, २०१६ पासून ५ लाख. राज्य आपल्या परीने वेगळे देतं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे २६ जण गेले त्यात सहा महाराष्ट्रातले, आणि त्यातले तिघं आमच्या डोंबिवलीचे. राज्याने प्रत्येक कुटुंबाला ५० लाख जाहीर केले. त्या दिवसांत डोंबिवलीत दुकानं बंद होती, रस्त्यावर माणसं होती आणि आवाज नव्हता. त्यावर अजून लिहीत नाही.

प्र. आमच्या बिल्डिंगच्या इन्शुरन्समध्ये दहशतवादी हल्ला कव्हर होतो का?

आपोआप होत नाही, वेगळा हप्ता भरावा लागतो. ९/११ नंतर परदेशी विमा कंपन्यांनी हात वर केले म्हणून एप्रिल २००२ ला आपल्याकडच्या कंपन्यांनी मिळून एक सामायिक पूल केला, तो जीआयसी री सांभाळते. पॉलिसीचा कागद काढा आणि टेररिझमचा शब्द शोधा. हप्ता फार नसतो.

प्र. एवढा खर्च झाला, मग आपण सुरक्षित आहोत का?

मोजणार कसं? जो हल्ला झाला नाही त्याचं श्रेय कुठल्या बिलाला द्यायचं? मुंबईत २०११ नंतर तसा मोठा हल्ला झाला नाही ही गोष्ट खरी आहे आणि ती आपोआप झालेली नाही.

पण तपासाकडे बघितलं की मन खट्टू होतं. ११ जुलै २००६ ला लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये सात स्फोट, १८० हून जास्त माणसं गेली, मी त्या संध्याकाळी दादरहून चालत घरी निघालो होतो. २०१५ ला १२ जणांना शिक्षा झाली, आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने ते सगळेच्या सगळे निर्दोष सोडले, पुरावा टिकला नाही म्हणून. सुप्रीम कोर्टाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत वापरायला स्थगिती दिलीय, अपील आहे. पण १९ वर्षांनी त्या प्रवाशांच्या घरच्यांच्या हातात काय? प्रयोगशाळा, पुरावा सील करणारा शिपाई, पंचनामा नीट लिहिणारा पीएसआय, यांच्यावरचा खर्च कधीच हेडलाइनमध्ये येत नाही. त्या पंचनाम्याला कार्बन पेपर पण स्वतःच्या खिशातून आणणारे पोलिस मी पाहिलेत.

प्र. मी सामान्य माणूस, मी काय करू? बेवारस बॅग दिसली तर?

हात लावू नका, लांब व्हा, ११२ ला फोन करा. किनाऱ्यावर अनोळखी बोट, अनोळखी माणसं, रात्री उतरणारी पेटी असं काही दिसलं तर कोस्टल पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ आहे, मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. अलिबाग, मुरूड, गुहागर, मालवणला फिरायला जाणाऱ्यांनी तर नक्कीच.